पडद्यावरची रुग्ण आणि तीन मिनिटे चाळीस सेकंद

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात असताना, २०२० साली, साथीमुळे रुग्णालयांनी विद्यार्थ्यांना वॉर्डात येण्यास मनाई केली आणि आमची क्लिनिकल पोस्टिंग मध्येच थांबली. तोवर शस्त्रक्रियेच्या वॉर्डात मी जेमतेम काही आठवडे काढले होते. तापमान, नाडी आणि रक्तदाब घेणे, रुग्ण खाटेवर असतानाच चादर बदलणे, अनुभवी सिस्टरांच्या मागे उभे राहून औषधांची फेरी पाहणे, एवढीच माझी मजल गेली होती. उरलेले तास भरून काढण्यासाठी महाविद्यालयाने जो मार्ग निवडला, तो व्हर्च्युअल क्लिनिकल सिम्युलेशनचा होता. संगणकाच्या पडद्यावर एक खोली दिसते, खोलीत खाटेवर रुग्ण असतो, शेजारी मॉनिटर असतो, आणि माऊस हातात घेऊन बसलेले आपण त्या रुग्णाची परिचारिका असतो. हे ऐकल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया निराशेची होती. माणसांची सेवा शिकण्यासाठी मी या अभ्यासक्रमाला आले होते आणि आता चित्रातल्या माणसाची सेवा करायची, असे मला वाटले. पुढच्या काही महिन्यांत हे मत बदलले, पण पूर्णपणे बदलले नाही. ते नेमके कुठे बदलले आणि कुठे तसेच राहिले, हे मला येथे नोंदवायचे आहे.

प्रत्येक केसचा क्रम ठरलेला होता. आधी त्या आजाराविषयी वाचन, मग एक छोटी चाचणी, मग ड्यूटी बदलताना मिळतो तसा हँडओव्हर, म्हणजे रुग्णाची माहिती सोपवणे, त्यानंतर प्रत्यक्ष प्रसंग, आणि शेवटी आपण काय केले व केव्हा केले याची सेकंदांसह नोंद आणि टक्केवारीत गुण. केस सुरू करण्याआधी ट्यूटर मॅडम ऑनलाइन प्रीब्रीफिंग घेत. पहिल्याच प्रीब्रीफिंगमध्ये त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. हा रुग्ण खरा नाही हे आपल्या सर्वांना माहीत आहे, तरीही तो खरा आहे असे मानून वागायचे, हा आपला आपसातला करार, ही पहिली. दुसरी अशी की या गटातला प्रत्येक जण हुशार आणि सक्षम आहे, त्याला आपले काम उत्तम करायचे आहे आणि स्वतःत सुधारणाही करायची आहे, हे गृहीत धरूनच आपण एकमेकांच्या चुकांबद्दल बोलायचे. हे दुसरे वाक्य बोस्टनच्या सेंटर फॉर मेडिकल सिम्युलेशनने रूढ केले असून जगभरातल्या सिम्युलेशन लॅबमध्ये ते वापरले जाते, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या दिवशी ते केवळ औपचारिक वाटले होते. आठवड्याभरातच त्याची गरज का असते, ते माझ्या लक्षात आले.

माझी पहिली केस बावन्न वर्षांच्या एका स्त्रीची होती. पोटाची शस्त्रक्रिया होऊन त्या नुकत्याच रिकव्हरीतून, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला ठेवतात त्या खोलीतून, वॉर्डात आल्या होत्या. नाकातल्या नळीतून दर मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन चालू होता, सलाईन सुरू होते, आणि वेदना असल्यास शिरेतून मॉर्फिन द्यावे असा आदेश लिहिलेला होता. मी हात धुण्याच्या चिन्हावर क्लिक केले, स्वतःची ओळख करून दिली, मनगटावरच्या पट्टीवरून नाव आणि नोंदणी क्रमांक पडताळला, दुखण्याविषयी विचारले. दहापैकी आठ, असे उत्तर आले. आवाज क्षीण होता आणि शब्द थोडे ओढल्यासारखे येत होते. पण नुकतीच भूल उतरलेल्या माणसाचा आवाज असाच असणार, असे मी धरून चालले. मी औषधाचे नाव, मात्रा, मार्ग आणि वेळ तपासून मॉर्फिन दिले आणि आपण सगळे नियम पाळले या समाधानात पुढच्या नोंदींकडे वळले.

थोड्या वेळाने त्या झोपल्या. मी श्वसन मोजण्याचा पर्याय निवडला तेव्हा पडद्यावर ८ हा आकडा आला. मॉनिटरवर ऑक्सिजन सॅच्युरेशन ९७ टक्के दिसत होते आणि कोणताही अलार्म वाजत नव्हता. मी चार्टमध्ये श्वसनदर ८ लिहिला, वेदना कमी झाल्याने रुग्ण शांत झोपली आहे, अशी नोंद केली, आणि जखमेवरचे ड्रेसिंग तपासायला घेतले. त्यानंतर सॅच्युरेशन घसरू लागले. ९१, ८८, ८४. अलार्म वाजला तेव्हा मी त्यांना हाक मारली, खांदा हलवला, पण प्रतिसाद आला नाही. मी पर्यायांच्या यादीत वरखाली फिरत राहिले. डॉक्टरांना कळवण्याचा पर्याय दाबला, ऑक्सिजन वाढवला, डोक्याची स्थिती सुधारून श्वासमार्ग मोकळा करायला हवा हे मात्र सगळ्यात शेवटी आठवले. मॉर्फिनचा परिणाम उतरवणाऱ्या नॅलोक्सोन या औषधाचा आदेश आला, ते दिल्यावर श्वसन सुधारले आणि प्रसंग संपला. रुग्ण वाचली होती. माझे गुण ४१ टक्के होते. रात्रीचे अकरा वाजले होते, घरातले सगळे झोपले होते, आणि जी व्यक्ती अस्तित्वातच नव्हती तिच्यासाठी माझे हात थरथरत होते.

डीब्रीफिंग, म्हणजे घडलेल्या प्रसंगावरची गटातली चर्चा, दुसऱ्या दिवशी सकाळी झाले. आमच्या गटात सहा जणी होत्या. मॅडमनी माझी नोंद सर्वांसमोर उघडण्याआधी मला स्वतंत्रपणे विचारून माझी परवानगी घेतली होती, याचे मला आजही महत्त्व वाटते. त्यांनी गुणांचा उल्लेखही केला नाही. त्यांनी नोंदीतल्या दोन ओळींवर बोट ठेवले.

"श्वसनदर आठ दिसल्यापासून तू रुग्णाला हाक मारेपर्यंत तीन मिनिटे चाळीस सेकंद गेले आहेत. या वेळात तुझ्या मनात काय चाललं होतं?"

"मॅडम, मला वाटलं, दुखणं कमी झालं म्हणून त्या झोपल्या. त्यांना उठवावंसं वाटलं नाही."

"आठ हा आकडा वाचला होतास?"

"वाचला होता. चार्टमध्ये लिहिलासुद्धा."

"लिहिताना काय वाटलं?"

मी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वाटलं की सॅच्युरेशन ९७ आहे, म्हणजे सगळं ठीक आहे."

यावर मॅडमनी मला उत्तर दिले नाही. त्यांनी गटाला विचारले, की जास्तीचा ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णात श्वास मंदावला तर सॅच्युरेशन लगेच का घसरत नाही. एकेक मुद्दा जोडत आम्ही उत्तरापर्यंत पोहोचलो. सॅच्युरेशन रक्तातला ऑक्सिजन दाखवते. श्वास पुरेसा चालू आहे की नाही हे ते थेट दाखवत नाही. नळीतून येणारा ऑक्सिजन मोजके, मंद श्वास घेणाऱ्या माणसाचेही सॅच्युरेशन काही काळ चांगले ठेवतो, आणि त्याच काळात शरीरातला कार्बन डायऑक्साइड मात्र साचत जातो. शिवाय मॉर्फिनसारख्या ओपिऑइड औषधांनी श्वसन दबते तेव्हा त्याआधी बहुधा गुंगी वाढलेली असते. म्हणजे ओढल्यासारखे येणारे शब्द हीच पहिली सूचना होती, श्वसनदर ही दुसरी आणि सॅच्युरेशन ही उशिरा आलेली तिसरी. मी पहिल्या दोन्ही पाहूनही तिसरीची वाट पाहत राहिले. हँडओव्हरमध्ये रिकव्हरीतल्या मॉर्फिनची वेळ दिलेली होती. ती माझ्या मात्रेच्या फार जवळ होती, आणि ती ओळ मी वाचली होती.

हे सर्व पुस्तकात होते. पूर्वचाचणीत नॅलोक्सोनवरचा प्रश्न मी बरोबर सोडवला होता. त्याचा परिणाम मॉर्फिनपेक्षा लवकर ओसरू शकतो, म्हणून रुग्ण जागा झाल्यावरही त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते, हेही मला पाठ होते. तरीही ते ज्ञान मला वेळेवर उपयोगी पडले नाही. क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या क्लिनिकल निर्णयाच्या प्रारूपाचे चार टप्पे मॅडमनी त्या दिवशी आम्हाला समजावले: लक्षात येणे, अर्थ लावणे, त्यानुसार कृती करणे आणि नंतर त्यावर चिंतन करणे. माझ्या लक्षात आले होते, कृतीही अखेर घडली. मधला दुवा तुटला होता. आकडा दिसला आणि मी तो रकान्यात भरला. त्या तीन मिनिटे चाळीस सेकंदांत मी परिचारिकेचे काम करत नव्हते, कारकुनाचे काम करत होते, हे मॅडमनी म्हटले नाही, पण मला ते स्पष्ट दिसले. खऱ्या वॉर्डात हे कुणालाही दिसले नसते, कारण तिथे विद्यार्थिनीच्या मनात जाणारी मिनिटे कुणी मोजत नाही, आणि अनुभवी सिस्टरांनी रुग्णाकडे नुसते पाहूनच धाव घेतली असती. रुग्ण वाचली असती आणि माझी चूक माझ्या नजरेलाही पडली नसती.

ही केस पुन्हा करण्याची मुभा होती. मी ती चार वेळा केली आणि चौथ्या वेळी ९६ टक्के गुण मिळवले. येथे मला एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी, कारण या शिक्षणपद्धतीचे कौतुक करताना ती बहुधा वगळली जाते. हे ९६ टक्के मी रुग्ण समजून घेऊन मिळवलेले नव्हते. प्रणालीला काय हवे आहे ते समजून घेऊन मिळवलेले होते. आधी हात धुणे, मग ओळख, मग अॅलर्जी विचारणे, मग व्हायटल्स, म्हणजे नाडी, रक्तदाब, श्वसन यांसारख्या नोंदी, हा क्रम एका पायरीनेही चुकला तर गुण कमी होतात, हे सगळ्यांच्या लक्षात आले आणि महिन्याभरात आमच्या वर्गात प्रत्येक केसच्या क्लिकचा क्रम लिहिलेले कागद फिरू लागले. वर्गातली सरासरी वाढली. मॅडमनी ते गुण पाहिले आणि पुढच्या डीब्रीफिंगमध्ये एकीला शांतपणे विचारले, की अॅलर्जी विचारायचीच होती, तर ती औषध देण्याआधी विचारण्याचे कारण काय. उत्तर अवघड मुळीच नव्हते, पण तिला ते पटकन देता आले नाही, कारण ती त्या पायरीपाशी विचार करून आलेलीच नव्हती.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती आणि ती समजायला मला अधिक वेळ लागला. पडद्यावर काय करायचे याची यादी समोर असते. काही सुचले नाही तरी यादी वाचताना सुचते. त्यात "फुप्फुसांचा आवाज ऐका" असे लिहिलेले दिसले की मग वाटते, अरे, हेही करायला हवे. वॉर्डात अशी यादी भिंतीवर लावलेली नसते. मॅडमनी यावर जो उपाय काढला, तो मला या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याला कोणतेही तंत्रज्ञान लागत नाही. प्रसंग सुरू झाल्यावर पर्यायांची यादी उघडण्याआधी कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: मला आत्ता काय दिसते आहे, त्याचा अर्थ मी काय लावते आहे, आणि माझ्या पुढच्या तीन कृती कोणत्या. मगच यादी उघडायची. कागदाचा फोटो गुणांसोबत पाठवायचा आणि डीब्रीफिंगमध्ये चर्चा कागदावर करायची. गुण लगेच उतरले. माझे ९० वरून ७० वर आले. पण डीब्रीफिंगमध्ये प्रथमच आम्ही एकमेकींशी वाद घालू लागलो, कारण कागदावर प्रत्येकीने वेगळे लिहिलेले असे. दमा आणि दीर्घकालीन फुप्फुसविकार यांवरच्या केसमध्ये एकीने जास्तीत जास्त ऑक्सिजन लावायचे लिहिले होते. दुसरीने, दीर्घकालीन फुप्फुसविकारात कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असलेल्या रुग्णासाठी सॅच्युरेशन ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राखायचे लिहिले होते. त्या एका आकड्यावर आम्ही जवळजवळ अर्धा तास बोललो आणि तो आता मी कधीही विसरणार नाही.

रक्त चढवताना येणाऱ्या प्रतिक्रियेची केसही अशीच लक्षात राहिली, पण तिच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. थंडी वाजणे, कंबर दुखणे, ताप, बेचैनी ही लक्षणे दिसली की आधी रक्त थांबवायचे, मग नवीन नळीतून नॉर्मल सलाईन चालू ठेवायचे, मग कळवायचे, हा क्रम तिसऱ्या प्रयत्नात माझ्या अंगवळणी पडला. क्रमच जिथे जीव वाचवतो अशा प्रसंगांसाठी पडद्यावरचा सराव उत्तम आहे, यात मला शंका नाही. रक्त सुरू झाल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटे रुग्णापाशी थांबायचे असते, हे मात्र पडदा शिकवू शकला नाही, कारण त्याच्या घड्याळात ती पंधरा मिनिटे काही सेकंदांत सरत.

डॉक्टरांना कळवण्याचा पर्याय हा पडद्यावर एका क्लिकचा होता. क्लिक केले की आदेश येत. मॅडमना हे मुळीच मान्य नव्हते. त्यांनी असे ठरवले, की त्या पर्यायापाशी आल्यावर केस थांबवायची आणि त्यांना प्रत्यक्ष फोन करायचा. फोनवर त्या रात्रपाळीच्या दमलेल्या डॉक्टर होत. पहिल्या फोनवर मी एवढेच म्हणाले, "मॅडम, पेशंट बरी नाही वाटत." पलीकडून आवाज आला, "कोणती पेशंट? कधीपासून? आणि माझ्याकडून काय हवं आहे?" माझ्याजवळ तीनपैकी एकाही प्रश्नाचे नीट उत्तर नव्हते. त्यानंतर आम्ही एसबार ही पद्धत गंभीरपणे शिकलो: सद्यस्थिती, पार्श्वभूमी, माझे आकलन आणि माझी शिफारस, या क्रमाने सांगायचे. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरच्या संवादपद्धतीतून ती आरोग्यसेवेत आली, असे आम्हाला सांगितले गेले, आणि त्याचे कारणही पटण्यासारखे होते: जिथे चुकीच्या आकलनाची किंमत मोठी असते तिथे बोलण्याचा साचा आधीच ठरलेला असावा लागतो. या चार पायऱ्यांत सर्वांत अवघड मला शेवटची वाटे. विद्यार्थिनीने डॉक्टरांना "आपण येऊन पाहावे असे मला वाटते" असे म्हणायचे, हे आवाजात बळ आणल्याशिवाय होत नाही, आणि ते बळ यावे यासाठी मी तो फोन किमान दहा वेळा केला असेन. आमच्या मॅडमनी दरवेळी उचलला.

या काळात एक प्रसंग असा घडला, ज्याने मला या पद्धतीची दुसरी बाजू दाखवली. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या घरी नुकताच मृत्यू झाला होता. तिच्या वाट्याला हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाची केस आली. तिने ती ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची म्हणून रात्री एकटीने सुरू केली आणि मध्येच बंद केली. दुसऱ्या दिवशी ती सत्रात आली नाही. लॅबमध्ये मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या मानवी पुतळ्यावर, हीच केस झाली असती तर शेजारी कुणीतरी उभे असते, शिक्षकांनी तिचा चेहरा पाहिला असता, प्रसंग थांबवला असता. पडद्यापलीकडे कुणालाही काही दिसले नाही. मॅडमनी तिला फोन करून बराच वेळ तिच्याशी बोलून घेतले, आणि त्यानंतर गंभीर केसेस विद्यार्थ्यांनी एकट्याने न करता शिक्षक ऑनलाइन उपस्थित असतानाच कराव्यात, असा नियम झाला. हा नियम पहिल्या दिवसापासून असायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रसंग खोटा असला तरी त्यातून उमटणाऱ्या भावना खऱ्या असतात. त्या रात्री माझे थरथरणारे हात आणि तिने मध्येच बंद केलेली केस या दोन्ही गोष्टी त्याचेच पुरावे होते.

तांत्रिक अडचणींविषयी थोडक्यात सांगते. काहींना लॅपटॉप नव्हता आणि मोबाइलच्या छोट्या पडद्यावर मॉनिटरचे आकडे वाचणे कठीण जाई. इंटरनेट तुटले की केस पहिल्यापासून करावी लागे. याने चिडचिड झाली, वेळ गेला, पण शिकण्यात खरा अडथळा यापेक्षा वर सांगितलेल्या गोष्टींचा होता.

वर्गात वारंवार एक प्रश्न विचारला जाई: हे तास खरोखर क्लिनिकल तासांइतके मानायचे का? त्या संदर्भात अमेरिकेच्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासाचा दाखला दिला जात असे. दहा नर्सिंग शिक्षणसंस्थांतल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या त्या अभ्यासात पारंपरिक क्लिनिकल तासांपैकी निम्म्यापर्यंत तास दर्जेदार सिम्युलेशनने भरले, तरी शेवटी ज्ञानात आणि कौशल्यात लक्षणीय फरक आढळला नाही. मी तो मुद्दा सुरुवातीला उत्साहाने सगळ्यांना ऐकवत असे. पुढे नीट वाचल्यावर लक्षात आले, की तिथे मॅनिकिन, रुग्णाची भूमिका करणारी माणसे, कौशल्यकेंद्रे असे कितीतरी प्रकार एकत्र वापरलेले होते, आणि सिम्युलेशन घेणारे शिक्षक डीब्रीफिंगसाठी खास प्रशिक्षित होते. घरी एकटीने माऊस फिरवणाऱ्या मुलीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही. तो दाखला देणाऱ्याने हे निम्मे वाक्यही सोबत सांगावे, असे मला वाटते.

नर्सिंगच्या विद्यार्थिनींनी खोट्या शरीरावर शिकण्याची परंपरा जुनी आहे. हार्टफर्ड येथील नर्सिंग प्रशिक्षणशाळेसाठी १९११ मध्ये माणसाच्या आकाराची एक बाहुली तयार करण्यात आली, तिला मिसेस चेस म्हणत, आणि विद्यार्थिनी तिला उचलणे, वळवणे, कपडे बदलणे यांचा सराव करत. १९६० मध्ये कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकवण्यासाठी रेसुसी अॅन आली. त्या बाहुल्यांना शरीर होते. त्या बोलत नव्हत्या. आमची पडद्यावरची रुग्ण बोलत होती, कण्हत होती, "मला भीती वाटते" असेही म्हणत होती, पण तिला वजन नव्हते. हा फरक किती मोठा आहे, हे वॉर्डात परतल्याशिवाय मला कळणार नव्हते.

आम्हाला वॉर्डात पुन्हा प्रवेश मिळाला त्या पहिल्या दिवशी मी पूर्ण तयारीने गेले होते, असे मला वाटत होते. पहिल्या तासातच माझी तयारी कशाची होती आणि कशाची नव्हती, ते स्पष्ट झाले. हात धुणे हे पडद्यावर एक चिन्ह होते. येथे अल्कोहोलचे द्रावण हातभर चोळून कोरडे व्हायला वीस ते तीस सेकंद लागत होते, आणि प्रत्येक रुग्णापाशी जाताना व निघताना ते सेकंद द्यावे लागत होते. औषधाची बाटली उलटी धरून सुई रबरातून आत घालताना माझ्या सिरिंजमध्ये हवेचे बुडबुडे शिरले आणि ते काढताना मी एवढा वेळ घेतला की शेजारच्या सिस्टरांनी हसत धीर दिला. पडद्यावर एका वेळी एक रुग्ण होती. येथे सहा होते, आणि एकाची सलाईन संपत असतानाच दुसऱ्याचा नातेवाईक काहीतरी विचारत असे. वास, घामाने ओली झालेली चादर, हात धरून न सोडणारी म्हातारी स्त्री, या कशाचीही मला पूर्वकल्पना नव्हती. पण हँडओव्हर ऐकताना मी शेवटच्या वेदनाशामक मात्रेची वेळ वहीत लिहून घेतली, आणि ती मागताना माझा आवाज अडखळला नाही. दुपारी एका रुग्णाचा रक्तदाब घसरू लागला तेव्हा मी सिस्टरांना एसबारच्या क्रमाने सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बरोबर सांगितलंस." त्या रुग्णाचे पुढे सगळे त्यांनी आणि डॉक्टरांनी केले.

संध्याकाळी मला पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आलेल्या एका स्त्रीची व्हायटल्स घ्यायला सांगितले. त्या झोपल्या होत्या, नाकात ऑक्सिजनची नळी होती, मॉनिटरवर ९७ दिसत होते. मी हँडओव्हरमधली मॉर्फिनची वेळ आठवली. पडद्यावर श्वसनदर एका क्लिकमध्ये आकडा होऊन समोर येत असे. येथे तो कांबळ्याखाली होता आणि खोलीतला उजेडही मंद होता. आपला श्वास कुणी मोजते आहे हे कळले की माणूस तो बदलतो, म्हणून नाडी मोजत असल्यासारखी बोटे मनगटावर ठेवूनच छातीकडे पाहायचे असते, हे मी पूर्वी शिकले होते, पण आजवर एवढ्या आस्थेने ते केले नव्हते. मी घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे आणि कांबळ्याच्या वरखाली होण्याकडे आळीपाळीने पाहत राहिले. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करण्याचा मोह झाला, तो मी आवरला आणि पूर्ण साठ सेकंद मोजले. चौदा. मग हलकेच हाक मारली. त्यांनी लगेच डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "काय झालं, सिस्टर?"

"काही नाही, मावशी. तुम्ही झोपा," मी म्हणाले, आणि चार्टवर श्वसनदराच्या रकान्यात १४, गुंगीच्या रकान्यात "हाकेला लगेच जाग" असे लिहून पुढच्या खाटेकडे गेले.